परशुयुद्धाची एक निनांवी पोथी

युरोपांतील शस्त्रसंग्रहांत लांब दांड्याचे परशु पाहिले म्हणजे, हीं हत्यारें केवळ दांडग्या बाहुबलानें चालत असत, त्यांस शास्त्र असें कांहीं नव्हतें, असा ग्रह सहज होतो. हा ग्रह निराधार आहे, हें दाखविण्यास एक लहानशी पोथी पुरेशी आहे. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या फ्रेंच हस्तलिखितांत ती १९९६ या क्रमांकावर आहे. काल पंधरावें शतक. संबंध बर्गंडीच्या दरबारी परंपरेशीं. तींत एकही चित्र नाहीं, कर्त्याचें नांव नाहीं. 'ज्य द ला आश', म्हणजे परशुक्रीडा, या नांवानें ती ओळखली जाते. सिडने अँग्लो यांनीं १९९१ सालीं मूळ संहिता इंग्रजी भाषांतरासह लंडनच्या 'आर्किऑलॉजिया'त प्रसिद्ध केली, तेव्हां ती सर्व अभ्यासकांस सुलभ झाली.

हा परशु म्हणजे लांकूडतोड्याची कुऱ्हाड नव्हे. सुमारें माणसाच्या उंचीचा दांडा. शिरोभागीं एका अंगास पातें अथवा हातोडा, दुसऱ्या अंगास चोंच. अग्रावर अणकुचीदार टोंक, आणि बहुधा बुडाशींही तसेंच टोंक. लढणारे नखशिखांत पोलादी चिलखतांत असल्यामुळें धारेचा उपयोग बेताचाच. सारी मदार ठोकणें, भोसकणें व अडकवून पाडणें यांवर.

पोथीकार आरंभींच जो डाव सांगतो तो पाहण्यासारखा आहे. दोघेही उजवे आहेत; प्रतिपक्षी हात फिरवून वार करीत आहे. आपण परशूचें शिर पुढें धरून उभे असल्यास डावा पाय पुढें टाकावा, वार दांड्याच्या बुडावर झेलावा, आणि त्याच झपाट्यांत खालीं दाबून त्याचा परशु भुईस न्यावा. लागलीच पायामागें पाय टाकीत, दांडा डाव्या मुठींतून सरकवून, बुडाचेंच टोंक त्याच्या तोंडावर हाणावें. अथवा परशु फिरवून मस्तकावर ठोका द्यावा. पुढें डावास तोड व त्या तोडीस प्रतितोड, असा क्रम चालतो. डावखुऱ्याशीं गांठ पडल्यास काय करावें, याचा विचार स्वतंत्र केला आहे. शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांची सवय असलेल्यास ही मांडणी परकी वाटणार नाहीं.

येथें मुख्य मुद्दा असा कीं, पहिल्या डावाचें काम बूड करतें, पातें नव्हे. या बुडास पोथींत 'शेंपूट' असेंच नांव आहे. शस्त्रसंग्रहांत प्रेक्षकाची दृष्टि खिळते ती पात्यावर. आणि तेथील पुष्कळ हत्यारांचे मूळ दांडे नष्ट होऊन नवे बसविलेले आहेत. म्हणजे जेथें विद्या होती तेंच लांकूड गेलें. लोखंड जी साक्ष देऊं शकत नाहीं ती कागदानें दिली आहे.

आमच्याकडील अग्निपुराणाच्या धनुर्वेद प्रकरणांत ढालतरवारीच्या ३२ गति सांगितल्या आहेत. भ्रान्त, उद्भ्रान्त, आविद्ध, आप्लुत या नांवांची व्युत्पत्ति कोणीही वैयाकरण लावील. परंतु त्या गतींत कोणता पाय पुढें पडे, हें व्याकरण सांगत नाहीं. गुरुमुखांतून जें शिष्यास मिळे तें लेखांत उतरलें नाहीं. बर्गंडीच्या पोथीचें मोल आहे तें नेमकें तेंच उतरल्यामुळें.

परशुयुद्धांत कीर्ति मिळविलेला बर्गंडीचा वीर झाक द लालें १४५३ सालीं गेंटजवळील पूकच्या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें पडला. पुढें चिलखतें मागें पडलीं, आखाडे ओस पडले, शिकविणारेही गेले. राहिली ती ही चित्रहीन, निनांवी पोथी. संग्राहकांची दृष्टि प्रथम सचित्र व कर्तृनामांकित पोथ्यांकडे जाते, हें स्वाभाविकच आहे. तथापि दप्तरांतून निघालेली एखादी निनांवी चोपडी रद्दींत लोटण्यापूर्वीं तिचीं निदान पहिलीं दोन पानें वाचून पाहावींत, एवढीच आमची संग्राहकांस विनंति आहे.