हुबळी-धारवाडचे वजन

शहराचे मोठेपण सांगताना लोक लांबी, उंची आणि माणसांची संख्या सांगतात. हुबळीकर पाहुण्याला आपल्या स्थानकातील 1507 मीटर लांबीचा फलाट दाखवतो. 2023 मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद झाली. धारवाडकर तेवढ्याने हार मानणार नाही. तो आपल्या विद्यालयांचा आणि गवयांचा दाखला देईल. परंतु हे जोडशहर काट्यावर ठेवले तर किती भरेल, असे मात्र कोणी विचारीत नाही. नवल याचे, की यातील हुबळीचा सारा इतिहास तराजूपाशीच घडलेला आहे.

सतराव्या शतकात हुबळी ही कापडाची मोठी पेठ होती व तेथे इंग्रज कंपनीची वखार होती. 1673 मध्ये मराठी फौजेने ही पेठ लुटली. वखारीतील मालाच्या भरपाईसाठी कंपनीने शिवाजी महाराजांकडे मागणी लावून धरली. गेलेल्या मालाचा हिशेब झाला. ज्या पेठेत तो माल होता तिचा हिशेब कोणी मांडला नाही. एकोणिसाव्या शतकात कापडाच्या जागी कापूस आला. ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाचे वाण या भागात पिकू लागले आणि 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचे भाव आकाशाला भिडले. 784 पौंडांची खंडी, म्हणजे सुमारे 356 किलो, हे अडत्यांच्या तोंडचे माप त्या काळात रूढ होते आणि कापसाच्या बाजारात ते आजही बोलले जाते. शेर आणि मण गेले, 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली, तरी खंडी हटली नाही. व्यापाऱ्याची जीभ कायद्याहून चिवट असते!

शहराचे वजन काढावयाचे तर आरंभ घरापासून करावा लागतो. या भागातील जुने घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर माळवद. दोन फूट जाडीची, दहा फूट उंचीची मातीची भिंत घेतली, तर तिच्या एका मीटर लांबीचे वजन तीन टन भरते. माळवदावर फूटभर माती असली, तर छपराच्या दर चौरस मीटरवर अर्धा टन भार पडतो. तो पेलण्यासाठी सागवानी तुळया आणि जाड खांब लागत. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौले पुढे घाट चढून वर आली. कौलारू छपराचा भार, खालच्या लाकडासह धरला, तरी चौरस मीटरला पन्नास-साठ किलोच. एवढ्याने घराच्या डोक्यावरचे ओझे आठ-दहा पटींनी उतरले. त्यानंतर सिमेंट-लोखंडाचा स्लॅब आला. पाच इंच जाडीचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलो भरतो. म्हणजे स्लॅबाचे घर आजोबांच्या माळवदापेक्षा हलकेच म्हणावयाचे! पण माळवदावर दुसरे माळवद सहसा चढत नसे. स्लॅबावर मात्र दुसरा, तिसरा आणि चौथा चढतो. शहर जड झाले ते या चढत्या मजल्यांमुळे.

आता ढोबळ हिशेब मांडू. 1962 मध्ये हुबळी आणि धारवाड या दोन गावांची मिळून एक महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत 9 लाख 43 हजारांहून अधिक लोक मोजले गेले. पाच माणसांचे एक घर धरले, तर सुमारे 1 लाख 90 हजार घरे होतात. भिंती, जमीन, छप्पर आणि पाया मिळून मध्यम घर शंभर टन भरते असे मानले, तर नुसत्या घरांचे वजन 1 कोटी 90 लाख टन होते. हे अनुमान आहे. शंभराच्या जागी ऐंशी किंवा सव्वाशे धरणाऱ्याशी भांडण नाही. शाळा, गोदामे, गिरण्या आणि 1880 च्या दशकापासूनचा रेल्वेचा कारखाना यात धरलेला नाही. रस्तेही नाहीत, सहा मीटर रुंद आणि फूटभर जाड रस्त्याचा एक किलोमीटर सुमारे साडेतीन हजार टन होतो. यात माणसे किती? सरासरी पन्नास किलो धरले, तर सारे नागरिक मिळून 47 हजार टन. प्रत्येकाच्या वाट्याला वीस टन घर, आणि तो स्वतः अर्धा क्विंटल.

पाण्याचा आकडा याहून बोलका आहे. माणशी दररोज 135 लिटर हे शहरी पाण्याचे सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने या शहराला रोज 1 लाख 27 हजार टन पाणी हवे, म्हणजे सर्व नागरिकांच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक. मलप्रभेच्या धरणातून ते उपसून आणावे लागते. येथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याचा अनुभव जुना आहे. चोवीस तास पाण्याचा प्रयोग 2008 मध्ये शहराच्या थोड्या भागात यशस्वी झाला. बाकीच्या वस्त्यांत या टनांतला मोठा वाटा बायकांनी घागरी-घागरीने उचलला; त्याची नोंद कोणत्याही अडतीच्या वहीत सापडणार नाही.

असा हिशेब हा केवळ मनाचा खेळ नव्हे. 2023 मध्ये टॉम पार्सन्स या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कचे वजन प्रसिद्ध केले. दहा लाख चौऱ्याऐंशी हजारांहून अधिक इमारतींचे मिळून ते 76 कोटी टनांच्या वर गेले. माणशी सुमारे 87 टन. हे शहर वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर खचत आहे, असेही त्यांना आढळले. त्याला इतरही कारणे आहेत. पण समुद्राकाठच्या शहराला तेवढे खचणेही महाग पडते.

हुबळी-धारवाडपाशी समुद्र नाही. येथे प्रश्न मातीचा आहे. या प्रदेशाच्या खडकांना रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात धारवाडचेच नाव दिले. अडीचशे कोटी वर्षांहून जुना हा खडक कोणतेही शहर सहज पेलील. परंतु हुबळीचा बराच भाग काळ्या कापूस-जमिनीवर वसला आहे. ज्या मातीने गावाला श्रीमंत केले, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर हलके घर उचलले जाते आणि भिंतींना तडे जातात. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखे फुगीर असलेले पाइल काढले. ते खालच्या स्थिर थरात रुततात. धारवाडची तांबडी, उंचवट्याची जमीन त्या मानाने शांत आहे.

पण जमीन शांत असली म्हणजे झाले असे नाही. इमारतीचा भार आधी तिच्याच खांबांना पेलावा लागतो. 19 मार्च 2019 रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि पंधराहून अधिक माणसे दगावली. दहा फूट बाय बारा फूट खोलीचा स्लॅब साडेतीन टनांचा असतो. तसले थरांवर थर कापीत आणि फोडीत बचाव पथकांनी कित्येक दिवस तो ढिगारा उपसला. दोन दिवस उलटून गेल्यावरही त्याखालून माणसे जिवंत निघाली.