लोकसंख्येचा प्रश्न आणि आपण स्त्रिया

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लोकसंख्येवरचा लेख कोणाला रुक्ष वाटेल. परंतु या प्रश्नाची चर्चा निघाली म्हणजे बोट अखेर कोणाकडे वळते, हे आपण सर्वजणी जाणतो. नळाला पाणी नाही, रुग्णालयात खाट नाही, शाळेत बसायला जागा नाही, की कोणीतरी म्हणतेच, "काय करणार, माणसेच एवढी वाढली!" आणि ही माणसे वाढवली कोणी, तर गरीब वस्तीतल्या बायकांनी, असे गृहीत धरले जाते. त्यामागचा इतिहास एकदा नीट पाहावा म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

प्रथम आपल्या शहराविषयी. सोलापुरात आगगाडी आली १८६० साली आणि पहिली कापड गिरणी, आपली 'जुनी मिल', निघाली १८७७ साली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळाने गांजलेली खेडी सोडून माणसे भोंग्याच्या आवाजाकडे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आपले माग घेऊन आले. १९०१ च्या शिरगणतीत सोलापूरची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती साडेनऊ लाखांवर गेली. मध्यंतरी १९९२ साली शहराची हद्द वाढवून शेजारची गावे आत घेतली, हेही विसरू नये. शहर फुगले त्यात पाळण्यांचा वाटा आहेच, पण पोटासाठी आलेल्यांचा वाटा काही थोडा नाही. त्यांना गिरण्यांनीच बोलावले होते.

त्या काळी मुले पुष्कळ होत, परंतु ती जगत किती? माझ्या आजीची अकरा बाळंतपणे झाली आणि पाच मुले हाती लागली. मुले किती, असे विचारले की ती पाच म्हणे. अकरा हा आकडा तिने कधी आपणहून सांगितला नाही. घरोघरी हेच होते. प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी तर असा घास घेतला, की १९२१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली.

हे १९२१ साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. माणसे कमी भरली त्याच साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात वारल्या. या माणसाच्या मनात देशाच्या गर्दीचा विचार नव्हता असे नाही. परंतु त्याआधी होता तो बाईच्या शरीराचा विचार. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, की होऊच नये, हे जिला सोसायचे तिने ठरवावे, इतके साधे त्यांचे म्हणणे. त्या साध्या म्हणण्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. पत्नी मालतीबाई या सगळ्यात पाठीशी उभ्या राहिल्या. रघुनाथरावांचे नाव निदान पुस्तकांत येते, २००१ साली 'ध्यासपर्व' हा चित्रपटही निघाला; मालतीबाईंचे ऋण मात्र आपण अजून मोजलेले नाही, असे मला वाटते.

१९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले, परंतु विषय त्यांनी सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाचे श्री. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कोणी होऊ दिले नसते, अशा आशयाचे वाक्य त्यात होते. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. त्याच वर्षी पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी या कामाला वाहून घेतले. 'कुंकू' चित्रपटातली काकासाहेबांची ती बाणेदार मुलगी ज्यांनी रंगवली, त्याच या शकुंतलाबाई.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले. बावन्न जणांना जे नको होते ते चौदा वर्षांत राष्ट्रीय कार्य झाले, ही आनंदाची गोष्ट. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला, 'हम दो, हमारे दो' मुलांच्या तोंडी बसले. परंतु हळूहळू बाईची सोय मागे पडून उद्दिष्टाचा आकडा पुढे आला. आणीबाणीत त्याचा कळस झाला. १९७६–७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांवर आणि पुष्कळ ठिकाणी बळजबरीने. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक संमत करण्यात आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पुढाकार घेतला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते बारगळले.

त्या वर्षाची दहशत अशी बसली, की पुरुषांनी शस्त्रक्रियेकडे पाठ फिरवली ती कायमची, आणि सारा भार बायकांच्या पोटावर आला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही नाही. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. शिवाय कुटुंब लहान हवे आणि मुलगा तर हवाच, या दुहेरी हट्टात मुलीचा गर्भ काढून टाकण्याची साथ आली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, तरी २०११ मध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली उरल्या ८९४.

दरम्यान जन्म मात्र खरोखरच कमी झाले. त्याच पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुले १.७ निघाली, म्हणजे दोघांच्या जागी दोघेही येत नाहीत. मुले जगू लागली, मुली शिकू लागल्या, आणि आयांनी आपसूक हिशेब बदलला.

मग पाणी का पुरत नाही? १८७१ साली इंग्रजांनी बांधलेला हिप्परग्याचा एकरुख तलाव एका लहान गावाला पुरे होता. साडेनऊ लाखांना तो कसा पुरावा? माणसे वाढल्याचा ताण खोटा नाही. परंतु १९८० मध्ये पुरे झालेले उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यात शंभर टीएमसीहून अधिक पाणी मावते, आणि तरीही चार-चार दिवसांआड येणाऱ्या नळाखाली घागरींची रांग लावणे आपण वर्षानुवर्षे अनुभवले आहे. याच अवर्षणप्रवण जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. ऊस किती पाणी पितो, हे शेतकऱ्याच्या घरातील कोणीही सांगेल. शिवाय भीमेतून पुण्याकडचे सांडपाणी उजनीत उतरते, ते वेगळेच. नळावरच्या रांगेतल्या बाईला मुले किती, या प्रश्नाने यातले काहीच उलगडत नाही.

आपल्या जिल्ह्याचा एक आकडा मात्र मला बेचैन करतो. त्याच पाहणीत, विशी ते चोविशीतल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात शेकडा २२ होते आणि सोलापूर जिल्ह्यात शेकडा ४० च्या आसपास. अठराची मर्यादा कायद्यात आली १९७८ साली. यातली एखादी मुलगी सतराव्या वर्षी सासरी जाते, विशीच्या आत आई होते, दुसरे मूल होताच पंचविशीपूर्वी तिची शस्त्रक्रिया होऊन जाते. मुले दोनच, त्यामुळे लोकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात तिच्याविषयी तक्रार नसते.