उजव्या बाजूची काच

आमच्या अण्णांचे दोन हात दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. डावा माझ्यासारखाच गव्हाळ. उजवा मात्र कोपराच्या जरा वरपासून खाली काळपट, त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं आणि मधूनमधून पांढुरके ठिपके. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांचे हात असे असतात.

अण्णा सत्तावीस वर्षं ट्रक चालवतायत. नाशिक जिल्ह्यातून कांदा भरायचा आणि आग्रा रोडने वर निघायचं. मालेगाव, धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, मग इंदूर, कधी त्याच्याही पुढे. परतीला मिळेल ते भाडं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उत्तरेकडे तोंड करून निघालात की सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं आणि दक्षिणेकडे परत फिरलात की दुपारनंतरचं ऊनही उजव्याच खिडकीतून. मी हे एकदा कागदावर बाण काढून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "हे कळायला इंजिनिअर व्हावं लागतं होय रे?"

आईने त्यांच्यासाठी जुन्या फुलशर्टाची एक बाही कापून, वरच्या टोकाला नाडा ओवून ठेवली होती. एकच, उजव्या हाताची. ती बरीच वर्षं ट्रकच्या आरशाला लटकलेली असायची. हातात क्वचितच.

यंदा मार्चमध्ये अण्णांनी कर्ज काढून नवा ट्रक घेतला. एसी केबिनचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, तसा नियम डिसेंबर २०२३ मध्ये निघाला होता. ट्रक दारात आला, नारळ फुटला आणि अण्णा मला म्हणाले, "काचांना फिल्म मारून घे. तुला कळतं ना त्यातलं."

मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. पण नाही कसं म्हणणार? म्हणून वाचत बसलो. कुठली फिल्म घ्यावी एवढंच शोधायचं होतं, आणि रात्री दोनला मी १९०३ सालच्या पॅरिसमध्ये होतो.

त्या साली एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू खाली पडला. तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं, ते सुकून आतून पातळ पापुद्रा धरला होता आणि त्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा थर घालायचं पेटंट घेतलं. आज प्रत्येक गाडीची पुढची काच याच कल्पनेवर बनते: दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर. बाजूच्या खिडक्यांची काच मात्र बहुतेक वेळा वेगळी असते. ती एकेरी, तापवून झटकन थंड केलेली, फुटली तर बारीक बोथट खड्यांसारखी होणारी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फिल्मची गोष्ट कापडगिरणीतून सुरू होते. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टर बनवलं. त्याचा धागा काढला की टेरिलिन (आपल्या आजोबांच्या पँटी) आणि पातळ ताणून पसरवला की पारदर्शक, चिवट पडदा. १९५०च्या दशकात ड्युपाँट कंपनीने तो 'मायलर' नावाने बाजारात आणला. मग त्यावर निर्वात पोकळीत धातूची वाफ बसवून आरशासारखा थर द्यायचं तंत्र पक्कं झालं. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने सोडलेला 'एको १' हा उपग्रह म्हणजे अशाच चकचकीत मायलरचा तीस मीटर व्यासाचा फुगा होता. त्याच दशकात थ्रीएमसारख्या कंपन्यांनी असली फिल्म इमारतींच्या काचांवर चिकटवायला सुरुवात केली. ऊन बाहेर राहावं, एसीचं बिल कमी यावं, एवढा साधा हेतू. गाड्यांवर ती नंतर आली आणि तिथे तिला काळा रंग चढला. या स्वस्त रंगीत फिल्मा उन्हाने काही वर्षांत जांभळ्या पडायच्या. जुन्या जीपच्या काचांवर तो जांभळा रंग तुम्हीही पाहिला असेल.

आता २०१२. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि आमच्या नाक्यावर पोलीस ब्लेडने गाड्यांच्या काचा खरवडताना पाहायला आम्ही पोरं सायकलवर जायचो. काळ्या काचांची स्कॉर्पिओ म्हणजे आमच्याकडे आत कुणीतरी 'साहेब' असल्याची खूण. त्या साहेबांना भर रस्त्यात उतरून उभं राहावं लागलं, याचा गावाला केवढा आनंद झाला होता!

त्यामागचं प्रकरण असं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. दुकानात याला व्हीएलटी म्हणतात. अभिषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नियम काचेबद्दल बोलतो, काच कारखान्यातूनच तशी बनून यावी, वरून फिल्म चिकटवायची नाही, मग तिचे टक्के काहीही असोत. अंमल ४ मेपासून. काळ्या काचांआड गुन्हे होतात आणि पोलिसांना आत दिसत नाही, हा मुख्य मुद्दा. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी सूट. फिल्म विकणाऱ्यांनी फेरविचार मागितला, तो ऑगस्टमध्ये फेटाळला गेला. त्याच डिसेंबरात दिल्लीतल्या त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते हे देशाला कळलं, आणि त्यानंतर या निकालाविरुद्ध बोलायची कुणाची इच्छाच उरली नाही. माझीही नसती उरली.

पण त्याच एप्रिलमध्ये, निकालाच्या आठच दिवस आधी, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक फोटो छापून आला होता. तो तुमच्या फोनवर कधीतरी फॉरवर्ड होऊन आला असेल. एकोणसत्तर वर्षांच्या एका माणसाचा चेहरा. उजवी बाजू वयाला साजेशी. डावी बाजू जाड, लोंबणारी, खोल सुरकुत्यांची, जणू वीस वर्षांनी म्हातारी. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या दोन त्वचातज्ज्ञांनी तो प्रसिद्ध केला होता. हा माणूस अठ्ठावीस वर्षं मालवाहू ट्रक चालवत होता. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो.

कारण आता सोपं आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी त्वचा भाजतात, ते साध्या काचेत बरेचसे अडतात. यूव्हीए मात्र बाजूच्या एकेरी काचेतून मोठ्या प्रमाणात आत येतात. भाजल्याची जाणीव होत नाही, त्वचेच्या आत खोलवर नासधूस चालू राहते. पुढच्या काचेतला बेनेदिक्तुसवाला मधला थर हे किरण जवळजवळ सगळे अडवतो. म्हणून तो माणूस समोरून वाचला आणि बाजूने सापडला.

मला वाटलं, मिळाला मुद्दा! एकाच महिन्यात विज्ञान म्हणतंय की ड्रायव्हरला बाजूच्या काचेतून इजा होते, आणि न्यायालय म्हणतंय की त्या काचेला हात लावू नका. मी तावातावाने हे सगळं अण्णांना फोनवर सांगितलं. ते धुळ्याजवळ कुठेतरी जेवायला थांबले होते. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अरे पण आमची काच वर होतीच कधी?"

तिथे माझा सगळा निबंध बसला.

त्यांच्या जुन्या ट्रकात इंजिनाचं झाकण केबिनमध्येच होतं, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मध्ये. मे महिन्यात त्यावर पाण्याची बाटली ठेवली तर चहाचं पाणी व्हायचं. खालून इंजिन, वरून पत्रा. अशा केबिनमध्ये काच वर करून कोण बसेल? काच खाली, कोपर बाहेर, गळ्यात ओला पंचा. शिकागोच्या त्या माणसाला निदान यूव्हीबीपुरती काच मिळाली होती. अण्णांच्या हाताला तीही नाही. फिल्मवर बंदी असो वा परवानगी, त्यांच्या हाताला शून्य फरक पडत होता. काळ्या काचांचा सगळा वाद, पोलिसांचा, साहेबांचा, दुकानदारांचा आणि माझाही, काच वर करू शकणाऱ्यांचा होता. व्होल्वो १९९८ मध्ये भारतात ट्रक घेऊन आली, तेव्हापासून एसी केबिन काय असते हे इथल्या रस्त्यांना माहीत होतं. बाकीच्या ट्रकांना ती सक्तीची व्हायला सत्तावीस वर्षं लागली. अण्णांच्या नोकरीचीही तेवढीच झाली.

म्हणजे आमच्या घरात फिल्मचा प्रश्न खऱ्या अर्थाने याच वर्षी जन्माला आला.

दरम्यान कायदाही हलला होता. नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, म्हणजे भारतीय मानकात बसणारी, आतून प्लॅस्टिकचा थर दिलेली काचसुद्धा. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच आधारावर सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावली तर दंड करता येणार नाही. निकाल केरळचा आहे आणि आपला रस्ता महाराष्ट्र-मध्य प्रदेशचा, हे मला कळत होतं. म्हणून फिल्मचं बिल, खोक्यावरचं लेबल आणि नियमाची छापील प्रत मी पारदर्शक पाकिटात घालून ट्रकच्या कागदपत्रांत ठेवलीय. हवालदार ती वाचेल का, हा वेगळा विषय.

पहिल्या दुकानात मला सांगितलं, "कायद्यात बाजूला पन्नास चालतं भाऊ, ही बघा पन्नासचीच फिल्म." इथे नववीचं गणित कामी आलं. नुसती काचच १०० टक्के प्रकाश सोडत नाही. समजा ती ८० टक्के सोडते आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर ०.८ गुणिले ०.५, म्हणजे ४० टक्के. गाडी कायद्याबाहेर. ७० ची फिल्म लावली तर ५६, म्हणजे बाजूच्या काचेला पास. पण तीच ७० ची फिल्म पुढच्या काचेवर लावली तर तिथली ७० ची अट मोडते. म्हणून पुढची काच सोडून दिली. तिथे यूव्हीएचं काम आधीच झालेलं असतं आणि फास्टॅगही तिथेच असतो. धातूचा थर असलेली फिल्म त्याच्या लहरी अडवते, टोलनाक्यावर मागच्यांच्या शिव्या खायची हौस कुणाला?

शिवाय काळेपणा आणि गारवा यांचा संबंध आपण समजतो तेवढा नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. चांगली सिरॅमिक फिल्म दिसायला जवळजवळ साधी काच असते, पण त्यातला बराचसा भाग अडवते आणि यूव्हीही जवळपास सगळं. काळी स्वस्त फिल्म मुख्यतः डोळ्यांचा प्रकाश खाते आणि स्वतः तापते. अण्णांची अट तर एकच होती, "रात्री आरसा दिसला पाहिजे." ट्रकवाल्याचं अर्धं ड्रायव्हिंग बाजूच्या काचेतून आरशात बघत चालतं. मी नमुन्याचा तुकडा रात्री काचेवर धरला आणि त्यांनी मागच्या दुचाकीचा दिवा ओळखून दाखवला, तेव्हा कुठे होकार आला.

फिल्म बसवणारा पोरगा माझ्याहून लहान होता आणि त्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी काच साबणाच्या पाण्याने धुऊन ब्लेडने खरवडली, खालच्या रबराच्या खाचेतली माती तीन वेळा काढली. मग फिल्म बाहेरून काचेवर ठेवून आकार कापला, मागचा कागद सोलला, आतल्या बाजूने ओल्या काचेवर सरकवत जागेवर आणली आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी काढत गेला. ट्रकच्या दाराची काच कारपेक्षा सपाट, त्यामुळे हीट गनचं काम थोडंच. अडचण धुळीची. शेजारी दोन ट्रक चालू, वारा सुटलेला, त्यामुळे चार-पाच कण आत राहिलेच. "चार दिवस काच खाली करायची नाही," एवढं त्याने तीनदा सांगितलं.

अण्णांनी ती त्याच संध्याकाळी खाली केली. ट्रक मागे घेताना क्लीनरला ओरडायचं होतं. खालचा एक कोपरा सुटला, आता तिथे नखाएवढी सुरकुती आहे.

परवा बिजासनच्या घाटातून त्यांचा फोन आला. मी विचारलं, "एसी चालू आहे ना अण्णा?" मागे वाऱ्याचा घोंघाट ऐकू येत होता. ते म्हणाले, "घाटात काच वर केली की गाडीचा आवाज कळत नाही रे. ब्रेक, टायर, सगळं कानाने चालतं." मग थोडं थांबून, "बाही घातलीय. तुझ्या आईला सांग."