डाव्या खिडकीतला माणूस

१९७४ च्या उन्हाळ्यात नववीची परीक्षा संपली आणि आबांनी मला ट्रकवर घेतलं. सांगलीची हळद नि गूळ मुंबईला मशीद बंदरात उतरवायचा आणि येताना मिळेल तो माल भरायचा. माझा हुद्दा क्लीनर, आमच्या बोलीत किन्नर. चढाला गाडी थांबली की चाकाला उटी लावायची, टायरवर पाना आपटून आवाजावरनं हवा ओळखायची, ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात. पण किन्नराला डाव्या बाजूला बसवतात ते आणखी एका कामासाठी. अनोळखी मुलखात खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढून वाट विचारायची.

मुंबईचा रस्ता आबांना पाठ होता. परतीचा माल मात्र कुठल्याही आडगावचा निघायचा, आणि मग माझी परीक्षा सुरू. पहिल्याच खेपेला मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "हा रस्ता वाईला जातो का?" तो म्हणाला, "जातो की." आबांनी पुढं जाऊन गाडी थांबवली आणि माझ्यावर डाफरले. असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. विचारायचं ते "वाईचा रस्ता कुठला?" असं, म्हणजे त्याला हात करावाच लागतो. हातात पिशवी घेऊन उभा आहे त्याला विचारू नये, तोही परगावचाच असतो. रस्त्याकडे तोंड करून मशीन चालवणारा शिंपी चांगला, पानपट्टीवाला त्याहून चांगला, आणि सगळ्यात चांगला मैलकुली. बांधकाम खात्याचा हा मजूर हातात फावडं घेऊन आपल्या वाट्याच्या मैलांवरचे खड्डे भुजवत असायचा. रस्ता कुठं खचलाय, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, हे तो न विचारताच सांगायचा. अंतर मात्र कुणाचंच धरायचं नाही. "हे काय, आलंच" म्हणजे अर्धा मैलही असू शकतो आणि सहाही. दगडांवर किलोमीटर येऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, पण माणसांच्या तोंडी मैल होते आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी कोस.

वाट सांगणं ही माणुसकी आहे असं मी तेव्हा धरून चाललो होतो. पुढं वाचनात आलं ते कडू होतं. जुन्या गावगाड्यात वाट दाखवणं हे महार वतनातलं एक काम होतं. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढं चालत त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं; तिथून त्या गावच्या महारानं त्याला घ्यायचं. रात्र असो, पाऊस असो, नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन नि बलुतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक आणलं ते याच गुलामीवर बोट ठेवून. ही कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे मी खिडकीतून विचारायला लागलो त्याच्या जेमतेम सोळा वर्षं आधी. म्हाताऱ्या माणसांनी मला वाट सांगताना हात कसे केले असतील, आणि काही जण काहीच न बोलता आत का गेले असतील, याचा विचार मी आता करतो.

नकाशा हा प्रकार आमच्या गाडीत नव्हताच. डायरीच्या मागच्या पानावरचं अंतरांचं कोष्टक हाच आमचा नकाशा. देशाचे बारीक तपशिलांचे नकाशे काढणारी सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासूनची; पण सरहद्दीलगतचे नि किनाऱ्यालगतचे तिचे नकाशे सामान्य माणसाच्या हाती पडत नसत. लष्करासाठी वेगळे आणि लोकांसाठी वेगळे नकाशे काढायचं धोरण आलं २००५ साली. तोवर आम्ही विचारत विचारत दोन पिढ्या काढल्या होत्या.

ट्रक विकून मी टुरिस्ट परवान्याची गाडी घेतली, आणि २००९ च्या दिवाळीआधी मुलानं हट्ट धरला की गिऱ्हाईकांसमोर काच खाली करून विचारणं शोभत नाही, वाट सांगणारं यंत्र घ्या. ते घ्यायला आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदारानं तीन डबे मांडले. एक साडेतीन इंची, एक सव्वाचार इंची, आणि एक परदेशी. त्याचा पडदा सुरेख होता, पण त्यात पुण्याच्या पलीकडं नुसते ठळक रस्ते. मी म्हटलं, पेठ नाका दाखव. दाखवला. सांगलीची गणपती पेठ दाखव. सव्वाचार इंचीवाल्यात ती निघाली, आणि माझं ठरलं. डबा काचेला चिकटवायचा रबरी चोषक उन्हात निसटतो का, आवाज डिझेल इंजिनावर चढतो का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दोन्हीचं उत्तर घाटात मिळालं.

दुकानातच त्या डब्याची एक खोड कळली. आपण उभे आहोत तो रस्ता शोधायला गेलो तर लॅमिंग्टन रोड सापडेना. तिथं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पेडर रोड म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. पाटीवर एक नाव, तोंडात दुसरं, आणि डब्याला फक्त पाटी वाचता येते. महामार्गांचं तर उलटंच झालं. २०१० साली सरकारनं क्रमांक बदलले. आमचा चार नंबर अठ्ठेचाळीस झाला, कोकणातला सतरा सहासष्ट झाला. डबा जुनेच आकडे घोकत होता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

डबा वाट ओळखतो ती उपग्रहांवरून, आणि ती व्यवस्था लष्कराची. अमेरिकेनं या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. १ सप्टेंबर १९८३ ला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, आणि त्यानंतर रेगन यांनी ही व्यवस्था सगळ्या जगाला फुकट देऊ असं जाहीर केलं. ती पुरी उभी राहिली १९९५ ला. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह नुसती वेळ नि आपली जागा सांगत फिरतो. चार जणांचं ऐकलं की डब्याला आपण कुठं आहोत ते कळतं. आबा एकच वाट दोघांना विचारायला लावायचे, हा चौघांना विचारतो. पण २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठी मुद्दाम चूक मिसळायची. शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. बोरघाटात शंभर मीटर म्हणजे वरचं वळण की खालचं, हे कळायचं नाही. त्या रात्री ती चूक बंद झाली, म्हणून हे डबे आमच्यासारख्यांच्या कामाचे झाले. त्याआधी जपानात होंडानं १९८१ साली उपग्रहाशिवाय चालणारं यंत्र काढलं होतं. आत वायूवर चालणारा जायरोस्कोप, वर पारदर्शक पडद्यावरचा नकाशा, तो हातानं बदलायचा. ते यंत्र बघायला मिळायला हवं होतं.

सवय लागायला वर्ष गेलं. कधी कधी उपग्रह सापडायलाच पाच-दहा मिनिटं जात, आणि गिऱ्हाईक मागून विचारी, "निघायचं ना?" मग डबा म्हणे, आठशे मीटरवर डावीकडे. आठशे मीटर कोण मोजतो? आपल्याकडं वडाच्या झाडापाशी वळतात. गूगलनं २००९ च्या डिसेंबरात भारतापुरतं खुणांवरून वाट सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही हे उमगलं असावं. माझ्या डब्यात ती सोय नव्हती.

एकदा मी 'लवकरचा रस्ता' सोडून 'जवळचा रस्ता' असं बटण दाबलं. शिरोळहून रात्री अकराला परत येताना डब्यानं डावीकडं वळवलं, मग आणखी डावीकडं, आणि गाडी दोन्हीकडच्या उसात शिरली. चाकाला चिखल लागला तेव्हा थांबलो. भारनियमनात रात्रीची वीज आलेली, एक बाई बॅटरी घेऊन पाणी पाजत होत्या. त्यांनी उजेड आधी गाडीवर मारला, मग माझ्या तोंडावर.

"ह्यो रस्ता न्हाय. पाणंद हाय. कुणी सांगितलं तुमास्नी हिकडं यायला?"

मला उत्तर देता येईना. मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक हसायला लागलं. त्या बाई बांधावरून पुढं चालत राहिल्या, मी त्यांच्या बॅटरीमागं गाडी रिव्हर्समध्ये घेत अर्धा तास. मुख्य रस्ता लागल्यावर पैसे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, पानी फुटलं आसंल तिकडं."

आबा एकदाच त्या डब्यासोबत बसले, २०१० ला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जाताना. डाव्या सीटवर. डब्यातली बाई इंग्रजीत बोलायची. कराडपासून आबा तिच्या प्रत्येक वाक्याआधी मराठीत तेच सांगत आले. खंबाटकीला बोगद्यात शिरलो आणि ती गप्प झाली.

"का रं, थांबल्या का बाई?"

"आबा, डोंगराखाली उपग्रह दिसत न्हाईत."

"मग मी सांगतो. भाईर पडल्या पडल्या वळाण हाय, आत्ताच दाब."

मी ब्रेक दाबला. बोगद्याच्या तोंडाशी ते इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आहे, तिथं किती गाड्या उलटल्या ते त्या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. आम्ही ते उतरून पुरते खाली आलो तेव्हा डब्यानं पुन्हा आकाश धरलं आणि सांगितलं, सरळ जा.

आता फोनच सगळं करतो. डबा कपाटात असतो; खंडेनवमीला जॅक नि पान्यांबरोबर पूजेत मांडतो. २०२४ च्या पूजेनंतर नातवानं तो गाडीत जोडला. आम्ही मिरजेकडून नव्या रत्नागिरी–नागपूर महामार्गावर होतो, आणि पडद्यावर आमचा बाण पांढऱ्या रानात चालला होता. रस्ता म्हणून काही नव्हतंच. डबा सारखा मागं फिरायला सांगत होता. तारीख दाखवत होता फेब्रुवारी २००५. हे उपग्रह आठवडे मोजतात, आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते; २०१९ च्या एप्रिलात ती आली, आणि जुन्या डब्यांना ते कळलं नाही. नातवानं तारीख दुरुस्त करायचं बटण खूप शोधलं. तसं बटण त्या डब्यात नाही.