आश्रय आणि अधिकार : बायलकुप्पेची तिबेटी वसाहत

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर स्वाक्षरी केलेली नाही, आणि आश्रयार्थींसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे कोणाला ठेवून घ्यावे आणि कोठे वसवावे, हे प्रत्येक वेळी शासनाच्या मर्जीने ठरत आले. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या हजारो तिबेट्यांना प्रथम आसामातील मिसामारी, बंगालमधील बक्सा अशा तात्पुरत्या छावण्यांत ठेवण्यात आले.

मराठी वाचकाला येथे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी आठवेल. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश राहिले आणि गेले. तिबेट्यांच्या परतण्याची अशी मुदत कोणालाच सांगता येत नव्हती. म्हणून नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. बंगळूरच्या विधानसौधातून आलेला होकार त्यांत विशेष भरीव होता: म्हैसूर जिल्ह्यातील बायलकुप्पे येथे सुमारे तीन हजार एकर. श्रेय सहसा निजलिंगप्पांना दिले जाते. परंतु १९६० साली मुख्यमंत्रिपदी बी. डी. जत्ती होते, ज्यांचे उच्च शिक्षण कोल्हापुरातच झाले होते. जमीन म्हणजे बव्हंशी जंगल होते. हिमप्रदेशातून आलेल्या माणसांनी ते तोडले, हत्तींपासून पिके राखली आणि मका पिकवला. पुढे मुंडगोड, हुणसूर व महाराष्ट्रात गोठणगाव येथेही वसाहती झाल्या.

जमीन मिळाली ती कसण्यासाठी, मालकीने नव्हे. रहिवासी कागदोपत्री परकीयच राहिले. नोंदणी प्रमाणपत्राचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करणे त्यांना भाग होते. भारतात जन्मलेल्या पिढीलाही तोच नियम लावला गेला, आणि खरा पेच तेथेच होता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, अल्प अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक ठरते. हा नियम तिबेट्यांनाही लागू आहे, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने बंगळूर येथे ऑगस्ट २०१३ मध्ये दिला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदार यादीत घेण्यास सांगितले.

प्रशासनाने मात्र हा अधिकार सहजासहजी हाती पडू दिला नाही. पारपत्र हवे असल्यास नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्यात आणि वसाहतीत राहू नये, अशा अटी केंद्राने २०१७ साली घातल्या. आईबापांनी जंगल तोडून उभे केलेले घर हवे की भारतीय पारपत्र, असा हिशेब बायलकुप्पेत जन्मलेल्या माणसापुढे मांडला गेला.