नृसिंहवाडीची योगिनीकथा आणि करवीर प्रांतातील देवीपरंपरा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, शिरोळ तालुक्यात वसलेले नृसिंहवाडी हे क्षेत्र दत्तसंप्रदायाची राजधानी म्हणून महाराष्ट्रात व कर्नाटकात सर्वश्रुत आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य झाले, अशी सांप्रदायिक श्रद्धा असून, औदुंबरातळीच्या 'मनोहर' पादुका हे क्षेत्राचे मुख्य दैवत होय. परंतु ज्या ग्रंथाने या क्षेत्राला कीर्ती मिळवून दिली, त्या सरस्वती गंगाधरकृत 'गुरुचरित्रा'त वाडीची कथा एकट्या गुरूची नाही; ती चौसष्ट योगिनींचीही आहे. संन्यासधर्माचा कडक पुरस्कार करणाऱ्या ग्रंथात शाक्त परंपरेतील या देवतांना इतके मानाचे स्थान का मिळावे, हा प्रश्न क्षेत्राच्या पूर्वेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

प्रथम कथेचा आशय पाहू. ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात संगमाचे माहात्म्य येते. शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी आणि सरस्वती या पाच नद्यांची मिळून पंचगंगा झाली असून तिचा कृष्णेशी होणारा संगम प्रयागासमान आहे, असे तेथे सांगितले आहे. पूर्वतीरावरील अमरापूर, तेथील अमरेश्वर आणि त्याच्या सन्निध वास करणाऱ्या चौसष्ट योगिनी यांचा निर्देश याच प्रकरणात येतो. तीर्थांच्या नामावळीत 'शक्तितीर्थ' हे नाव आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९ व्या अध्यायात योगिनी प्रत्यक्ष कथेत उतरतात. गुरू भिक्षेसाठी गावात येत नाहीत, मग त्यांचा निर्वाह कशावर होतो, अशी शंका गावच्या ब्राह्मणांना येते. माध्यान्हकाळी पाळत ठेवू पाहणारे भयभीत होऊन परततात. नदीकाठी शेत राखणाऱ्या गंगानुजाला मात्र जलातून निघून गुरूंची पूजा करणाऱ्या योगिनी दिसतात. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यामागून जातो, तेव्हा नदी दुभंगून वाट देते आणि जलाखालील दिव्य नगरात गुरूंना सन्मानाने भोजन घातले जात असल्याचे त्याला आढळते. पुढे गुरू गाणगापुरास निघाले असता योगिनी शोक करतात. तेव्हा औदुंबरस्थानी आपण गुप्तरूपाने नित्य राहू, असे वचन ते त्यांना देतात व तेथे पादुका स्थापतात.

या कथेत तीन गोष्टी विशेष आहेत. एक, योगिनी गुरूंच्या आगमनापूर्वीपासून स्थानावर आहेत. गुरू बाहेरून आलेले आहेत. दोन, अन्न देणाऱ्या त्या आहेत आणि घेणारा गुरू आहे. म्हणजे यजमानपद त्यांच्याकडे आहे. तीन, पादुकांचे चिरंतनत्व योगिनींना दिलेल्या वचनावर आधारलेले आहे. वाडीत दत्त 'राहिला' याचे ग्रंथाने दिलेले प्रमुख कारण त्यांची विनवणी हे होय. कोणत्याही क्षेत्राच्या उत्पत्तिकथेत पूर्वीच्या दैवताकडून नव्या दैवताला अधिकार मिळतो, तेव्हा त्या कथेमागे दोन उपासनांच्या संबंधाची स्मृती असण्याचा संभव असतो.

हा संभव बाह्य पुराव्याने कितपत पुष्ट होतो? योगिनींची उपासना मध्ययुगीन भारतात केवळ ग्रंथगत नव्हती. ओरिसातील हिरापूर व राणीपूर-झरियाल, नर्मदाकाठचे भेडाघाट, ग्वाल्हेरजवळचे मितावली येथील योगिनीमंदिरे आजही उभी आहेत. भेडाघाटाचे स्थान तर नदीकाठचेच आहे. करवीर प्रांतात असे स्वतंत्र वर्तुळाकार मंदिर ज्ञात नसले, तरी देवीपूजेचा पाया येथे भक्कम होता. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करीत, आणि महालक्ष्मी मंदिराच्या बाह्य भिंतींवरील स्त्रीमूर्तींना लोक आजही चौसष्ट योगिनी म्हणूनच ओळखतात. वाडीच्या परिसरातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हे शिलाहारकालीन शैव वैभवाचे साक्षी आहे. तेथील स्थलकथाही देवीशीच निगडित आहे: दक्षयज्ञात सतीने देहत्याग केल्यावर कुपित झालेला शिव तो कोपेश्वर, आणि सतीला घेऊन गेलेला नंदी या मंदिरात नाही, तो कृष्णाकाठी यडूर येथे आहे, असे सांगतात. तात्पर्य, पंधराव्या शतकाच्या सुमारास नृसिंहसरस्वती या तीरावर आले तेव्हा हा भाग शिव आणि शक्ती यांच्या उपासनेने आधीच व्यापलेला होता.

योगिनीकथा एकाकी नाही, हे दोन समांतर कथांवरून दिसून येते. पहिली 'गुरुचरित्रा'च्याच १७ व्या अध्यायातील. करवीरच्या एका विद्वान ब्राह्मणाचा मंदबुद्धी पोरका मुलगा लोकनिंदेला कंटाळून कृष्णाकाठी भिलवडीस येतो व भुवनेश्वरीपुढे उपोषण करून अखेर आपली जिव्हा कापून वाहतो. देवी त्याला विद्या देत नाही. पलीकडच्या तीरावर औदुंबरातळी बसलेल्या यतीकडे जा, असा दृष्टान्त देते. येथे देवी खरी आहे, जागृत आहे. पण अंतिम दातृत्व तिने गुरूकडे सोपविले आहे.

दुसरी कथा 'करवीर माहात्म्या'च्या परंपरेतील, कोल्हापूरच्या पूर्वेस टेकडीवर वसलेल्या त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले असता त्र्यंबोलीने त्याचा वध केला. परंतु विजयोत्सवाच्या वेळी महालक्ष्मीला तिला बोलावण्याचे भान राहिले नाही. ती रुसली, टेकडीवर जाऊन शहराकडे पाठ करून बसली. तिची समजूत घालण्यासाठी महालक्ष्मीला स्वतः जावे लागले. म्हणून आश्विन शुद्ध पंचमीस, ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते व तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो.

या तिन्ही कथा एकत्र ठेवल्या म्हणजे त्यांचे कार्य स्पष्ट होते. एका प्रदेशात एकाहून अधिक दैवते नांदत असली की त्यांच्या मानापमानाची वाटणी करावी लागते, आणि ती वाटणी कथा करते. टेकडीवरच्या देवीची वाटणी सर्वांत उदार आहे: तिचा राग न्याय्य ठरला आणि थोरल्या देवीला दरवर्षी टेकडी चढणे भाग पडले. भिलवडीच्या भुवनेश्वरीला मार्गदर्शिकेचा मान मिळाला. वाडीच्या योगिनींना यजमानपण व वचन मिळाले, पण पूजा त्यांच्याकडून गुरूकडे वळली. टेंबलाईच्या कथेत मान राखण्यासाठी दैवत चालत जाते. वाडीच्या कथेत मान राखण्यासाठी दैवत थांबते.

तथापि या अनुमानाला मर्यादा आहे. 'गुरुचरित्र' हा सांप्रदायिक ग्रंथ आहे. गुरूंच्या पश्चात रचलेला आहे. त्यातील कथेवरून वाडीच्या औदुंबराखाली पूर्वी योगिनीपीठ होते, असा निश्चित निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ग्रंथाच्या आधारे एवढेच म्हणता येते की, कर्त्याच्या काळी योगिनींचे स्थान अमरेश्वराजवळ मानले जात होते आणि त्यांना वगळून क्षेत्राचे माहात्म्य सांगणे त्याला उचित वाटले नाही. ग्रंथ लिहिणाऱ्याला सोपा मार्ग होता. योगिनींना क्षुद्र देवता ठरवून हाकलता आले असते. तो त्याने स्वीकारला नाही, ही गोष्टच ऐतिहासिक मोलाची आहे.

याच कथेने क्षेत्राचा भूगोलही बांधून दिला आहे. गंगानुजाने त्रिस्थळीयात्रेची इच्छा प्रकट केली, तेव्हा संगम हाच प्रयाग, जुगूळ ही काशी व कोल्हापूर ही दक्षिण गया, असा निर्वाळा मिळाला. उत्तरेस जाण्याचे सामर्थ्य नसलेल्या कष्टकऱ्याला त्याच्याच मुलखात त्रिस्थळी सापडली, आणि महालक्ष्मीचे कोल्हापूर वाडीच्या यात्रेत समाविष्ट झाले.

वाडीच्या आचारात नदी आजही देवीच्या रूपाने वावरते. माघात कृष्णावेणीचा उत्सव होतो. गुरू कन्या राशीत आला म्हणजे दर बारा वर्षांनी गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशा श्रद्धेने कन्यागत महापर्वकाळ साजरा होतो. असा पर्वकाळ २०१६ साली आला होता. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून पादुकांवरून दक्षिणद्वारातून वाहू लागले की त्या प्रवाहात स्नान करण्यास भाविकांची दाटी होते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत याच पाण्याने परिसरातील गावांची मोठी हानी केली, तरी देवालयात शिरणारे पाणी संकट न मानता भेट मानण्याची वृत्ती टिकून आहे. जलातून रोज वर येऊन गुरूची पूजा करणाऱ्या योगिनींची कथा ज्या स्थळी घडली असे मानतात, त्या स्थळी ही वृत्ती अकस्मात आलेली नसावी. योगिनींच्या कथेचा स्वतंत्र विचार केल्यावाचून नृसिंहवाडीचा इतिहास पुरा होत नाही, असे म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.