स्कायलॅबवर न झालेला संप

स्कायलॅब म्हटले की आमच्या पिढीला जुलै 1979 आठवतो. आभाळातून काहीतरी डोक्यावर येणार, ही धास्ती शहरांत होती तशी खेड्यांतही होती. 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, आणि आपल्याकडे स्कायलॅब विनोदापुरती उरली. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांना आणि मंगळमोहिमेवर व्याख्याने देणाऱ्यांना मात्र ती दुसऱ्याच कारणाने आठवते. तिथे म्हणे माणसाच्या इतिहासातला पहिला अंतराळ-संप झाला.

गोष्ट अशी सांगतात. 16 नोव्हेंबर 1973 रोजी जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग हे तिघे अमेरिकन स्कायलॅबकडे निघाले. मुक्काम 84 दिवसांचा, तोवरचा सर्वांत लांब. तिघेही पहिल्यांदाच अंतराळात गेलेले. सहा आठवड्यांत त्यांची मने थकली, चिडचिड वाढली आणि डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी रेडिओ बंद करून दिवसभर काम नाकारले. ह्यूस्टनचा नियंत्रण कक्ष हाका मारत राहिला आणि हे तिघे खिडकीशी बसून पृथ्वी पाहत राहिले. शिक्षा म्हणून तिघांनाही पुन्हा कधी उड्डाण मिळाले नाही.

या गोष्टीवर उभा राहणारा पूर्वपक्ष तसा कच्चा नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. मोजक्या माणसांना महिनोन्‌महिने डब्यात कोंडले की शरीराआधी मन ढासळते. याला स्कायलॅब हा एकच पुरावा नाही. 1982 मध्ये सॅल्यूत-7 वर 211 दिवस राहिलेले सोव्हिएत अंतराळवीर बेरेझोवोय आणि लेबेदेव एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि लेबेदेवची रोजनिशी पुढे छापलीही गेली. मंगळाला जाऊन येण्यास अडीच-तीन वर्षे लागतील. तेव्हा निवडच अशी करा की लोखंडी मनाचीच माणसे वर जातील. सुनीता विल्यम्स 2024-25 मध्ये 286 दिवस वर राहिल्या, तेव्हा आपल्या वाहिन्यांवर ‘अडकल्या’ या एका शब्दाभोवती याच धर्तीची चर्चा चालली होती. विल्यम्स स्वतः मात्र तो शब्द नाकारत होत्या.

आता उत्तरपक्ष. पहिली गोष्ट, संप झालाच नव्हता.

स्कायलॅबच्या काळात अंतराळस्थानकाशी अखंड संपर्क नसे. स्थानक एखाद्या भूकेंद्रावरून जाई तेवढा वेळ बोलणे होई, पुढे सगळी शांतता. ती शांतता रोजचीच होती. गिब्सन यांनी पुढे अनेकदा सांगितले, की रेडिओवर तिघांपैकी एकाने लक्ष ठेवायचे असे ठरले होते आणि एकदा ते निष्काळजीपणाने राहून गेले. दीडेक तासाची एक फेरी तशीच गेली. ‘काम नाकारलेला’ दिवस ठरलेल्या सुट्टीचा होता. त्याआधीच्या सुट्ट्या या तिघांनी मागे पडलेले काम उरकण्यात घालवल्या होत्या. या खेपेला त्यांनी सुट्टी सुट्टीसारखी घेतली, एवढाच गुन्हा. ज्यांनी 1982 चा गिरणी संप पाहिला त्यांना संप कशाला म्हणतात हे सांगायला नको. संपाला मागण्या लागतात, मुदत लागते आणि कोणीतरी ‘नाही’ म्हणावे लागते. इथे यातले काहीच नव्हते. जुन्या मराठीत संप म्हणजे एकी. त्या अर्थाने घेतला तर मात्र या तिघांत संप होता, आणि तो ढासळत्या मनांचे लक्षण खासच नव्हे.

शिक्षेचे म्हणाल तर त्यानंतर अमेरिकेची माणसे अंतराळात गेली ती जुलै 1975 च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत, आणि तिचे अंतराळवीर स्कायलॅबवरचे हे प्रकरण घडण्याआधीच ठरले होते. पुढचे अमेरिकन उड्डाण एप्रिल 1981 चे. जी गाडी सहा वर्षे सुटलीच नाही, तिच्यातून कोणाला उतरवले असे म्हणता येत नाही.

मग गोष्ट आली कुठून? 1976 मध्ये स्कायलॅबवर एक वाचनीय पुस्तक आले आणि त्यात ‘संपासारखे काहीतरी’ असा सूर होता. 1980 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका अभ्यासप्रकरणाने ‘संप’ हा शब्द थेट मथळ्यातच घेतला. पुढे सगळी नकलेची नक्कल. कार आणि गिब्सन आयुष्यभर खुलासे करत राहिले. पण चटपटीत मथळ्यापुढे साध्या खुलाशाचे काही चालत नाही, हे वर्तमानपत्राच्या कचेरीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

खरे काय घडले ते जास्त उद्बोधक आहे. कार यांच्या आधीची तुकडी 59 दिवस राहिली होती आणि तिने कामाचा फडशा पाडला होता. नियोजकांनी त्या तुकडीचा अखेरच्या दिवसांतला, हात बसल्यानंतरचा वेग घेतला आणि नवख्या तिघांना पहिल्या आठवड्यापासून तोच लावला. त्या वजनरहित घरात कोणती वस्तू कुठे आहे हे कळायलाच दिवस जातात. आधीच्या लोकांनी सामान इकडचे तिकडे केलेले, व्यायामाचा वेळ वाढवलेला, आणि रोज सकाळी टेलिप्रिंटरवर मिनिटामिनिटाच्या कामांची पट्टी हजर. एका कामाला दहा मिनिटे उशीर झाला की पुढची सगळी कामे ढासळत जात. पोग यांच्या हातून साध्या चुका होऊ लागल्या, त्या चुकांनी वेळ आणखी खाल्ला, आणि हातघाईवर आलेल्या माणसाला खालून विचारले जाई, की अमुक प्रयोग का राहिला.

30 डिसेंबरला कार यांनी खालच्यांशी मनमोकळे बोलणे केले. आम्ही कुठे आहोत, तुम्ही कुठे आहात, कशाची घाई आहे, असे ते बोलणे. तोडगा इतका साधा निघाला की वाचताना हसू येते. जेवणाच्या वेळेत प्रयोग घुसवायचे नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर माणसांना त्यांचे त्यांना सोडायचे. झाडलोट, मोजदाद, किरकोळ दुरुस्ती अशी कामे घड्याळाला न बांधता एका यादीत घालायची. जो मोकळा असेल त्याने जमेल ते उचलावे. ती यादी त्यांच्यात ‘खरेदीची यादी’ म्हणून ओळखली गेली. यानंतर तीच तीन माणसे, त्याच डब्यात, तशीच कोंडलेली, झपाट्याने काम करू लागली. 21 जानेवारी 1974 रोजी गिब्सन यांनी सौरज्वालेचा जन्म चित्रित केला. मन ढासळले असते तर वेळापत्रक सैल केल्याने ते जागेवर आले नसते. ढासळले होते ते वेळापत्रक.

एका उदाहरणावर सिद्धान्त उभा करणे हे पूर्वपक्षाचेच पाप. ते मी करू नये, म्हणून आणखी काही पाहू. वालेरी पोल्याकोव्ह या रशियन डॉक्टराने 1994-95 मध्ये मीर स्थानकावर सलग 437 दिवस काढले, जो विक्रम आजही मोडलेला नाही. त्याच्या आकलनाच्या आणि मनःस्थितीच्या चाचण्या मोहिमेभर घेतल्या गेल्या. घसरण दिसली ती पहिल्या तीनेक आठवड्यांत आणि परत आल्यावरच्या दोनेक आठवड्यांत. मधले वर्षभर रेघ जवळपास सपाट. कोंडल्याने मन दिवसेंदिवस झिजत जाते हे खरे असते, तर ती रेघ उतरती असायला हवी होती. एकट्या पोल्याकोव्हवरून माणसांविषयी बोलू नये हे कबूल, पण पूर्वपक्ष ज्या स्कायलॅबवर उभा आहे तिथे तर माणसे तीनच होती.

जून 2010 ते नोव्हेंबर 2011 या काळात मॉस्कोत सहा जणांना 520 दिवस कोंडून मंगळप्रवासाची नक्कल झाली. संदेशांना मुद्दाम विलंबही लावला होता. त्या सहांनी नोंदवलेल्या खटक्यांची मोजदाद पाहावी: आपसात जेवढे झाले, त्याच्या पाचपट नियंत्रण कक्षाशी झाले. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या दहा जणांच्या रोजनिशांचा अभ्यास झाला तेव्हाही सर्वांत जास्त पाने पृथ्वीच्या आठवणीने नव्हे, तर कामाने व्यापली होती. झोपेचा हिशेबही पाहा. वेळापत्रकात साडेआठ तास, प्रत्यक्षात सुमारे सहा, आणि स्थानकावरच्या चारांपैकी तिघांनी कधी ना कधी झोपेचे औषध घेतलेले.

इथे प्रतिपक्ष एक चांगला आक्षेप घेईल आणि तो मी त्याच्यासाठी घेतो. मॉस्कोच्याच अभ्यासात जाणवलेल्या खटक्यांपैकी 85 टक्के दोनच माणसांकडून आले होते, आणि ते दोघे म्हणजे ज्यांचा ताण व थकवा सर्वांत जास्त होता ते. मग निवडीला महत्त्व नाही असे कसे म्हणता? तसे मी म्हणतच नाही. सहांत दोन माणसे जास्त थकतात ही गोष्ट कोणत्याही कचेरीत खरी आहे. माझे म्हणणे एवढेच, की थकणारा माणूस ओळखायचा तर तो ‘मी थकलो’ असे म्हणायला धजला पाहिजे, आणि लोखंडी मनाची निवड नेमके तेच बोलणे बंद करते.

कार-पोग प्रकरणातला खरा गंभीर भाग संपाचा नसून पहिल्याच दिवसाचा आहे. वर पोहोचताच पोग यांना उलटी झाली. तिघांनी ठरवले, की खाली कळवायचे नाही. पिशवी कचऱ्याच्या झडपेतून टाकून द्यायची. हे बोलणे स्थानकावरच्या ध्वनिमुद्रकात नोंदले जात होते याचा त्यांना विसर पडला. खाली त्याची टंकलिखित प्रत निघाली आणि अंतराळवीरांचे प्रमुख ॲलन शेपर्ड यांनी उघड संभाषणात त्यांची कानउघाडणी केली. शेपर्ड स्वतः कानाच्या मेनिएर रोगामुळे 1963 पासून उड्डाणाबाहेर बसलेले होते आणि 1968 मध्ये त्यांनी टोपणनावाने शस्त्रक्रिया करून घेतली होती, तेव्हा कुठे ते चंद्रावर गेले. आजार सांगितला की उड्डाण जाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? 1985 मध्ये सॅल्यूत-7 वरचा व्लादिमीर वास्यूतिन आजारी पडला आणि मोहीम आटोपती घेऊन नोव्हेंबरात सर्वांना खाली यावे लागले. दुखणे आधीपासूनचे होते आणि त्याने ते लपवले, असे पुढे सांगितले गेले. वैद्यकीय प्रश्न आणि मनाचा प्रश्न ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून छापतात. ते जोडले जातात ते इथे, लपवण्यात.

शरीराच्या बाबतीत पूर्वपक्षाशी माझे भांडण नाही. कंबरेच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते आणि रोजच्या दोन तासांच्या व्यायामाने ही घट पुरती थांबत नाही. डोळ्यांच्या मागच्या भागाला सूज येते. क्युरिऑसिटी यानाने जाताना मोजलेल्या किरणोत्सर्गावरून मंगळाच्या जाण्यायेण्याचीच मात्रा सुमारे 0.66 सीव्हर्ट येते, आणि नासाने अंतराळवीराच्या साऱ्या कारकिर्दीला घातलेली मर्यादा आहे 0.6. हे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि ‘मन घट्ट हवे’ या उपदेशाने सुटणारही नाहीत. पण उपचार कसा झाला याचे एक उदाहरण घ्या. अंतराळस्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. त्रास काहीच नव्हता. एका संशोधनासाठी सोनोग्राफी चालू होती म्हणून ती दिसली. रक्त पातळ करणारी इंजेक्शने वर मोजकीच होती, ती पुरवून पुरवून वापरली, पुढचे औषध मालवाहू यानाने आले, आणि खालचे डॉक्टर तीन महिने सल्ला देत राहिले. 2020 मध्ये ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, अंतराळवीराचे नाव न देता. नाव दिले नाही हे योग्यच, आणि ते का द्यावेसे वाटले नसेल हेही उघड आहे.

मंगळाच्या वाटेवर मालवाहू यान येणार नाही आणि 30 डिसेंबरसारखे बोलणेही होणार नाही. संदेश एका दिशेने पोहोचायला अंतरानुसार 3 ते 22 मिनिटे लागतात. ‘आम्ही कुठे आहोत?’ असे कार यांनी विचारावे आणि उत्तर यायला पाऊण तास जावा, तोवर पुढची कामे ढासळून झालेली. अशा वेळी वरची तुकडी खालच्यांवर रागावेल हे मॉस्कोने दाखवले आहे. आणि त्या रागाला उद्या कोणी संप म्हणाले, तर त्यावर दुसरे अभ्यासप्रकरण लिहिले जाईल. रोजची टेलिप्रिंटरची पट्टी त्या अंतरावर निरुपयोगी आहे. कोणते काम आज, कोणते उद्या, कोण थकला, कोणाला विश्रांती, हे वरच्यांनीच ठरवायचे झाले, तर ठरवण्याचा अधिकारही निघतानाच त्यांच्याबरोबर द्यावा लागेल. कार, गिब्सन आणि पोग यांना खरेदीची यादी सहा आठवडे उशिरा मिळाली, तीही पृथ्वीपासून सुमारे 435 किलोमीटरवर असताना.